शहात्तर आसनांची लक्ष्मणरेषा

१५ फेब्रुवारी १९९७ च्या मध्यरात्री अमेरिकन एअरलाइन्स या अमेरिकेतील बलाढ्य विमान कंपनीचे वैमानिक संपावर गेले आणि अर्ध्या तासाच्या आत त्यांना तो संप थांबवावा लागला. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी रेल्वे श्रमिक कायद्याने दिलेला विशेष अधिकार वापरून मंडळ नेमले आणि उड्डाणे सुरू राहिली. अमेरिकेत विमान कर्मचाऱ्यांनाही हाच कायदा लागू आहे. संपाचे कारण केवळ पगारवाढ असते, तर त्याची इतकी चर्चा झाली नसती. त्या भांडणाच्या मुळाशी वेगळाच प्रश्न होता. कंपनी पन्नास ते सत्तर आसनांची जी नवी जेट विमाने घेणार होती, ती चालवायची कोणी? मूळ कंपनीच्या वैमानिकांनी, की कमी पगारावर काम करणाऱ्या उपकंपनीच्या वैमानिकांनी? अखेर ती विमाने उपकंपनीकडेच गेली. परंतु त्या मध्यरात्री उपस्थित झालेला प्रश्न आजही अमेरिकेच्या आकाशात घिरट्या घालतो आहे आणि विमान वाहतुकीत वेगाने पुढे येणाऱ्या भारताने त्याचा अभ्यास करावा, असे त्यात बरेच काही आहे.

रिजनल जेट, म्हणजे प्रादेशिक जेट, कशाला म्हणायचे? सर्वसामान्य प्रवाशाला वाटते की, जे विमान लहान, जवळच्या गावांना जोडणारे, ते प्रादेशिक. ही समजूत स्वाभाविक असली तरी खरी नाही. १९६५ साली डेल्टा कंपनीच्या सेवेत आलेल्या पहिल्या डीसी-९ विमानात जास्तीत जास्त ९० प्रवासी बसत. त्याला कोणी प्रादेशिक म्हटले नाही. ते मोठ्या कंपनीचे, मोठ्या पगाराच्या वैमानिकांनी चालवलेले सन्माननीय विमान होते. उलट, ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीचे ई-१७५ हे ८८ प्रवासी नेऊ शकणारे विमान अमेरिकेत प्रादेशिक ठरते. त्याच कुळातील, जवळजवळ तसाच कॉकपिट असलेले, साडेचार मीटरने लांब ई-१९० हे विमान मात्र जेटब्लू आणि अमेरिकन या कंपन्यांत मूळ कंपनीचेच वैमानिक चालवत असत. कारखाना एक, कुळ एक. पण एक विमान उंबरठ्याच्या आत आणि दुसरे बाहेर. हा भेद अभियंत्याने केलेला नाही. तो वैमानिकांच्या वेतन कराराने केला आहे.

या करारातील एका कलमाला तेथे ‘स्कोप क्लॉज’ म्हणतात. मराठीत त्याला व्याप्तीचे कलम म्हणता येईल. कंपनीने आपल्या नावावर विकलेली उड्डाणे कोणती विमाने असतील तर बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यावीत आणि कोणती असतील तर आपल्याच वैमानिकांना द्यावीत, याची सीमा हे कलम ठरवते. युनायटेड, डेल्टा आणि अमेरिकन या तीन मोठ्या कंपन्यांच्या करारांत ही सीमा आज ७६ आसने आणि उड्डाणसमयी कमाल ८६ हजार पौंड, म्हणजे सुमारे ३९ हजार किलो वजन, अशी आहे. शिवाय अशी विमाने किती असावीत, यावरही बंधन आहे. विमानात शहात्तरावे आसन असेपर्यंत वैमानिक एका जातीचा. सत्त्याहत्तरावे आसन बसवले की वैमानिक, त्याचा पगार, त्याची ज्येष्ठता आणि त्याचे निवृत्तिवेतन, सारेच बदलते.

विमानाच्या आकाराची वैमानिकाच्या पगाराशी अशी गाठ पडली कशी? तिचे मूळ बरेच जुने आहे. १९३१ साली अमेरिकेत वैमानिकांची संघटना स्थापन झाली. मंदीच्या त्या काळात कंपन्या वेतन कापू पाहत होत्या. १९३४ साली तेथील राष्ट्रीय श्रम मंडळाने दिलेल्या निर्णयाने मूळ वेतनाबरोबरच विमानाच्या वेगानुसार वाढत जाणारे तासाचे दर मान्य केले. पुढे त्यात विमानाच्या वजनाचाही विचार होऊ लागला. त्यामागचा तर्क सरळ होता. मोठे आणि वेगवान विमान अधिक प्रवासी नेते, कंपनीला अधिक उत्पन्न देते. तर त्या वाढीव उत्पादकतेचा काही वाटा ते चालवणाऱ्यालाही मिळावा. हा तर्क न्याय्य होता. परंतु मोठ्या विमानाला मोठा पगार हे तत्त्व मान्य केले की, त्याची दुसरी बाजूही आपोआप मान्य होते. लहान विमानाला लहान पगार! आणि मग कोणते विमान लहान समजायचे, यावरच भांडण सुरू होते.

१९७८ साली अमेरिकेने हवाई वाहतुकीवरील दरांचे आणि मार्गांचे सरकारी नियंत्रण उठवले. मोठ्या कंपन्यांनी काही प्रमुख विमानतळ केंद्रस्थानी धरून लहान शहरांतील प्रवासी तेथे आणण्याची पद्धत रूढ केली. हे आणण्याचे काम पंख्याची लहान विमाने चालवणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे सोपवले गेले. वीस-तीस आसनांच्या त्या विमानांबद्दल मोठ्या कंपनीच्या वैमानिकांची तक्रार नव्हती. परंतु १९९२ साली कॅनडातील बॉम्बार्डियर कंपनीचे पन्नास आसनांचे जेट आले, १९९७ साली एम्ब्राएरचे आले आणि चित्र पालटले. वेगवान, दूरवर जाणारे, प्रवाशांना आवडणारे हे जेट आपले काम हिरावून घेणार, हे मोठ्या वैमानिकांनी ओळखले आणि सीमेची कुंपणे उभारली. आधी पन्नास आसने, मग सत्तर, मग शहात्तर अशी ही सीमा सरकत गेली. २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर युनायटेड, यूएस एअरवेज, डेल्टा, नॉर्थवेस्ट अशा कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीच्या न्यायालयात उभ्या राहिल्या आणि तेथे वैमानिकांच्या संघटनांना पगाराबरोबर कुंपणाचे खांबही मागे घ्यावे लागले.

करारातील एका ओळीने यंत्राचा आकार कसा ठरतो, याची उदाहरणे विलक्षण आहेत. २०१९ साली युनायटेडने सीआरजे-५५० नावाचे विमान सेवेत आणले. हे मूळचे सत्तर आसनांचे विमान. पण सत्तर आसनांच्या विमानांचा कोटा संपला होता. म्हणून त्यातील वीस आसने काढली, कागदोपत्री कमाल वजन उतरवले आणि ते पन्नास आसनांचे म्हणून नोंदवले. एम्ब्राएरने नवी, इंधन वाचवणारी इंजिने लावून ई-१७५-ई-२ हे विमान बनवले. ते २०१९ साली आकाशात झेपावले. पण नवी इंजिने जड असल्याने त्याचे वजन ८६ हजार पौंडांच्या पुढे गेले. अमेरिकेत त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही आणि २०२२ मध्ये तो प्रकल्प स्थगित करावा लागला. जपानच्या मित्सुबिशीची कथा तर अधिक करुण आहे. स्वतःचे प्रवासी जेट बनवण्याचे त्या राष्ट्राचे स्वप्न होते. २०१५ साली त्यांचे विमान उडालेही. पुढे अमेरिकेतील ही सीमा शिथिल होईल, असे गृहीत धरून त्याची आखणी झाली होती. सीमा शिथिल झाली नाही. वाढता खर्च, प्रमाणपत्र मिळण्यातील दिरंगाई आणि त्यात ही अडचण. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो प्रकल्प कायमचा गुंडाळला गेला. परक्या देशातील वेतन कराराचे एक कलम न वाचता आखलेल्या उद्योगाला केवढी किंमत मोजावी लागते, याचा हा धडा आहे.

विमानांचे असे झाले. माणसांचे काय झाले? कुंपणाबाहेरच्या कंपन्यांचा व्यवहार वरवर पाहता सुरक्षित होता. तिकीट मोठी कंपनी विकणार, इंधनाचा खर्च बहुधा तीच सोसणार, विमानावर रंग आणि नाव तिचेच. लहान कंपनीने प्रत्येक उड्डाणामागे ठरलेली रक्कम घ्यायची आणि विमान वेळेवर न्यायचे. परंतु कंत्राटाची मुदत संपली की, दुसरी कंपनी कमी दराने ते काम घ्यायला तयार असे. विमानाची किंमत सर्वांना सारखी, विमानतळाचे शुल्क सारखे. मग दर कमी करायचा तर कोठून? एकच जागा उरते, ती म्हणजे पगार. जी कंपनी जुनी होई, तिचे वैमानिक ज्येष्ठ होत, त्यांचे पगार वाढत आणि म्हणूनच ती महाग ठरे. कोमेर या डेल्टाच्या उपकंपनीच्या वैमानिकांनी २००१ साली ८९ दिवसांचा संप करून वेतनवाढ मिळवली. २०१२ साली ती कंपनीच बंद झाली. अनुभव हा जिथे गुण न ठरता बोजा ठरतो, त्या व्यवस्थेत काही तरी मूलभूत चुकलेले असते.

ही चूक अमेरिकेला दिसली ती १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री. नेवार्कहून बफेलोला निघालेले विमान उतरण्यापूर्वी काही क्षण क्लॅरेन्स सेंटर या वस्तीतील एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक अशा पन्नास जणांचा मृत्यू झाला. प्रवाशांच्या तिकिटावर आणि विमानावर कॉन्टिनेंटल या प्रख्यात कंपनीचे नाव होते. विमान चालवत होती कोल्गन एअर. ते जेट नव्हते, ७४ आसनांचे पंख्याचे विमान होते. आणि त्यालाही याच रेषेचा संदर्भ होता. कॉन्टिनेंटलच्या करारात पन्नासहून अधिक आसनांचे जेट बाहेर देण्यास मनाई होती, पंख्याच्या विमानांना नव्हती.

चौकशीत जे उघड झाले, ते ऐकून मध्यमवर्गीय अमेरिकी माणूस हादरला. सहवैमानिक तरुणीचे वार्षिक वेतन सुमारे सोळा हजार डॉलर असल्याचे सुनावणीत सांगण्यात आले. कंपनीने नंतर याहून मोठा आकडा दिला, पण तोही चोवीस हजारांच्या आतलाच होता. ज्या नेवार्कमध्ये तिची नेमणूक होती, तेथे घर घेणे या पगारात अवघडच. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ आई-वडिलांकडे राहत असे आणि आदल्या रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. पूर्वी काही काळ तिने नोकरी सांभाळून कॉफीच्या दुकानातही काम केले होते. येथे सत्य काटेकोरपणे सांगितले पाहिजे. विमान कोसळले ते वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर मुख्य वैमानिकाने चुकीची कृती केल्यामुळे, असा चौकशी मंडळाचा निष्कर्ष आहे. दोघांच्या कामावर थकव्याचा परिणाम झाला असावा, असेही मंडळाने म्हटले. तो किती झाला, हे मात्र सांगता येत नाही, असेही नोंदवले. कमी पगारामुळे अपघात झाला, असे विधान करणे म्हणूनच योग्य नाही. परंतु ज्याच्या हाती पन्नास जीव सोपवले आहेत, त्याला झोपायला धड जागा परवडत नाही, ही व्यवस्था सुरक्षेची हमी देणारी आहे, असे तरी कोण म्हणेल?

कुंपणाच्या आत असलेले तरी सुखी होते काय? या अपघाताच्या चारच आठवडे आधी, १५ जानेवारी २००९ रोजी, चेस्ली सलेनबर्गर यांनी दोन्ही इंजिने बंद पडलेले विमान न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवून १५५ जणांचे प्राण वाचवले होते. साऱ्या जगाने त्यांना डोक्यावर घेतले. फेब्रुवारीत अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोलताना या वीराने काय सांगितले? आपला पगार चाळीस टक्क्यांनी कापला गेला आहे आणि निवृत्तिवेतन हातचे गेले आहे! कुंपण बांधून आतल्यांचे रक्षण झाले नाही. बाहेर स्वस्त मनुष्यबळ उभे राहिले आणि दिवाळखोरीच्या काळात त्याच स्वस्ताईच्या तुलनेत आतल्यांचे वेतनही महाग ठरवले गेले. एकाच आकाशात दोन दर चालू ठेवले की, वरचा दर फार काळ वर राहत नाही.

त्यानंतर अमेरिकी संसदेने २०१० साली कायदा केला. त्यामुळे २०१३ पासून सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तास उड्डाणाचा अनुभव आवश्यक झाला. लष्करी वैमानिक आणि विशिष्ट पदवीधर यांना काही सवलत मिळाली. २०१४ पासून विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. तिकीट विकताना विमान प्रत्यक्षात कोण चालवणार, हे स्पष्ट सांगणेही बंधनकारक ठरले. परिणाम असा झाला की, एवढे तास भरून, सुमारे लाखभर डॉलर खर्चून, तासाला वीस-बावीस डॉलर घेण्यास तरुण तयार होईनात. २०१६ साली रिपब्लिक एअरवेज ही मोठी प्रादेशिक कंपनी वैमानिकांच्या टंचाईचे कारण देत दिवाळखोरीत गेली. कोरोनाच्या काळात मोठ्या कंपन्यांनी ज्येष्ठ वैमानिकांना लवकर निवृत्त केले आणि पुढे त्यांच्या जागा भरण्यासाठी लहान कंपन्यांतील माणसे ओढून घेतली. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्टने २९ लहान शहरांची सेवा सोडण्याची नोटीस दिली. जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांनी नव्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर देऊ केले, तेव्हा कोठे टंचाईची धार कमी होऊ लागली. जो पगार परवडतच नाही, असे दोन दशके सांगितले गेले, त्याच्या चौपट पगार एका उन्हाळ्यात परवडू लागला!

या साऱ्यात खलनायक शोधण्याचा मोह टाळला पाहिजे. आयुष्याची उमेदीची वर्षे घालून मिळवलेले काम कंत्राटाच्या एका सहीने जाऊ नये, असे वैमानिकाला वाटणे गैर नाही. पन्नास प्रवाशांच्या उड्डाणाला दोनशे प्रवाशांच्या उड्डाणाइतका खर्च झेपत नाही, हे कंपनीचे म्हणणेही खोटे नाही. दोष आहे तो या दोघांनी शोधलेल्या सोप्या वाटेचा. आजच्या पिढीचे हित राखताना तिची किंमत उद्याच्या पिढीने द्यावी, अशी ती वाट होती. संघटनेच्या बैठकीत जो अद्याप नोकरीला लागलेला नाही, त्याला मत नसते. आणि म्हणूनच त्याचे हित पाहण्याची जबाबदारी ज्येष्ठांची असते. घरातील मोठ्यांनी वाटणी करताना धाकट्यांचा वाटा आधी बाजूला काढावा, ही रीत आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही.

हे सारे अमेरिकेचे झाले. भारताशी त्याचा संबंध काय? आपल्याकडे असे कलम नाही, पण लहान विमानाची रेषा आपणही ओढली आहे आणि तीही विमान पाहून नव्हे, तर कर पाहून ओढली आहे. २००७ साली केंद्रीय विक्रीकर कायद्यात बदल करून नियमित विमान कंपन्यांच्या ४० हजार किलोपेक्षा कमी वजनाच्या विमानांच्या इंधनावरील करावर मर्यादा घालण्यात आली. ८० पेक्षा कमी आसनक्षमतेच्या विमानांना अनेक विमानतळांवर उतरण्याच्या शुल्कातून सूट देण्याचे धोरण राहिले आहे. लहान शहरांना जोडण्यासाठी ही सवलत योग्यच होती. एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली उड्डाणाने सुरू झालेल्या ‘उडान’ योजनेने नांदेड, नाशिक, जळगाव, कोल्हापूर अशी महाराष्ट्रातील शहरेही नकाशावर आणली. कोल्हापूरच्या घोडावत उद्योगसमूहाने सुरू केलेली स्टार एअर ही कंपनी आज तेच ई-१७५ विमान चालवते आणि त्यात आसने आहेत नेमकी ७६!

आता पुढचे पाऊल पडते आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडने रशियाच्या युनायटेड एअरक्राफ्ट कॉर्पोरेशनबरोबर एसजे-१०० हे प्रवासी जेट भारतात बनवण्याबाबत सामंजस्य करार केला. ‘उडान’च्या जवळच्या मार्गांना ते उपयोगी पडेल, अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे. हे विमान सुमारे शंभर आसनांचे असून त्याचे वजन ४० हजार किलोहून अधिक आहे. म्हणजे आपण ज्याला उद्याचे प्रादेशिक जेट म्हणू पाहतो, ते आपल्याच सवलतींच्या रेषेपलीकडे पडते! मित्सुबिशीला जी गोष्ट उशिरा उमगली, ती आपल्या धोरणकर्त्यांनी आजच लक्षात घ्यावी. रेषा ओढायचीच तर ती धावपट्टीच्या लांबीवर, शहराच्या गरजेवर आणि इंधनाच्या बचतीवर ओढावी.

आणि वैमानिकाच्या बाबतीत तर अशी रेषा मुळीच नको. त्याच्या प्रशिक्षणासाठी आपल्याकडेही मध्यमवर्गीय कुटुंबे लाखो रुपयांचे कर्ज काढतात, प्रसंगी घर गहाण ठेवतात. विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि नियमांना तात्पुरती सूट द्यावी लागली, हे देशाने पाहिले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणे, हा साधा माणुसकीचा बदल या नियमांत होता. तो पेलण्याइतके वैमानिक तयार ठेवण्याची दूरदृष्टी मात्र दिसली नाही. मोठ्या कंपनीत हे होते, तर लहान शहरांच्या लहान कंपन्यांवर किती बारीक लक्ष हवे, हे वेगळे सांगायला नको.

नांदेडहून निघालेल्या प्रवाशाचा जीव मुंबईहून लंडनला निघालेल्या प्रवाशाच्या जिवाइतकाच मोलाचा आहे. त्याच्या विमानात आसने कमी असतील, खानपान साधे असेल; त्याबद्दल त्याची तक्रार नाही. पण त्या विमानाचा वैमानिक तितकाच शिकलेला, तितकाच विसावलेला आणि संसाराच्या विवंचनेतून तितकाच मुक्त असला पाहिजे. अमेरिकेला हे कळायला पन्नास जीव आणि चार वर्षे लागली. भारताने ते त्यांच्या अनुभवातून शिकावे. विमान लहान-मोठे असू शकते. जबाबदारी लहान-मोठी असू शकत नाही.